दादावर ठेवलेली नजर

सोमवार, ४ मार्च

ही वही मी हौसेने लिहीत नाही. समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी दिली आहे. निळं कव्हर, आत रेघा, आणि पहिल्या पानावर छापलेलं: 'घरातील जबाबदार व्यक्तीने भरावी.' आता घरात जबाबदार कोण, यावरच आधी पाच मिनिटं गेली. वहिनी म्हणाली, ती लिहायला बसली तर कागद फाटेल. माझ्या बायकोला वेळ नाही, ती दवाखान्याच्या लॉन्ड्रीत पहाटेच हजर असते. दादा तर स्वतःच रुग्ण. उरलो मी.

बाई म्हणाल्या, "मोकळेपणाने लिहा. वही कोणी वाचणार नाही. शेवटी मला एवढंच सांगा, ते किती वेळा गेले, कधी गेले."

तर झालं ते असं. मागच्या मंगळवारी दुपारी वहिनी दुकानात आली आणि दादा जागेवर नाही. सुपरमार्केटच्या तळमजल्यावर आमचं दुकान, कपडे कमी-जास्त करून देण्याचं. पँटची लांबी, कोटाच्या बाह्या, चेन बदलणं. दादा शिलाईला, मी इस्त्रीला आणि काउंटरला. शटर अर्धं खाली आणि दोघेही गायब, हे बघून वहिनी शोधत निघाली आणि सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जाऊन थडकली. तिथे फळांची चित्रं फिरणारी चाळीसेक मशिनं आहेत. त्यातल्या खिडकीजवळच्या एका मशिनसमोर माझा सख्खा मोठा भाऊ, वय वर्षं बावन्न, बसलेला. वहिनीने तिथेच तोंडाचा जो पट्टा सोडला, तो ऐकून मशिनंसुद्धा फिरायची थांबली असतील.

मी तिथेच होतो. म्हणजे, हॉलच्या काउंटरवर सुट्टे आणायला गेलो होतो. दादा नुकताच आला होता, त्याला म्हटलं होतं, जरा माझी खुर्ची धर. परत येऊन बघतो तर हा तमाशा. दादाने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या सुट्ट्यांच्या पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो. मी खेळतो. धाकटा मला न्यायला आला होता."

कबूल झाला ते बरं केलं. कबुली दिली की अर्धा आजार जातो म्हणे.

वहिनीचा निकाल तिथल्या तिथे लागला. पुन्हा सापडला तर विमानात बसवून थेट गावी, आमच्या बहिणीकडे, आक्काकडे, आणि परतीचं नाव काढायचं नाही. वहिनी बोलते ते करते. म्हणून ही वही म्हणजे गंमत नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना दादाने मला इथे आणलं. स्वतःला इथली भाषा धड येत नसताना मला वर्गात घातलं, दिवसभर दुकानात एकट्याने राबला. ह्या देशात मी दादाशिवाय एक दिवस काढलेला नाही. तो गेला तर मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि मला ते माहीत करून घ्यायचंही नाही.

गुरुवार, ७ मार्च

बाईंनी आज वीस प्रश्नांचा कागद काढला. त्यांचा अभ्यास चालला आहे: इथल्या लोकांना आणि बाहेरून आलेल्यांना जुगाराचं व्यसन वेगवेगळ्या तऱ्हेने कसं लागतं आणि त्यात संस्कृतीचा हात किती. 'संस्कृती' म्हणताना त्यांचा आवाज एकदम मऊ होतो, आजाऱ्याच्या खोलीत गेल्यावर होतो तसा.

दादाला इथली भाषा कामापुरती येते. 'लांब', 'आखूड', 'शुक्रवारी मिळेल' एवढ्यावर त्याची सव्वीस वर्षं निघाली. म्हणून उत्तरं मी दिली.

"तुमच्या समाजात जुगाराकडे कसं पाहतात?"

"आमच्यात जुगार नाहीच."

"अजिबात नाही?"

"पत्ते खेळतात, पण ते घरात. पैज लावतात, पण ती शब्दाला शब्द म्हणून. लॉटरीचं तिकीट घेतात, पण ते आधी देवापुढे ठेवून. ह्यात जुगार कुठे आला?"

बाईंनी भराभर लिहून घेतलं आणि "फारच उपयुक्त" म्हणाल्या. दादा खिडकीबाहेर बघत होता.

"आणि घरात कोणाला सवय लागलीच, तर?"

"कोणाला कळू देत नाहीत."

"मग उपचार?"

"लग्न लावून देतात. लग्न झालेलं असेल तर परदेशी पाठवतात."

बाईंचं पेन थांबलं. "आणि जो परदेशीच आलेला आहे, त्याला?"

हे दादाला कसं समजलं कोण जाणे. तो आमच्या भाषेत म्हणाला, "त्याला परत पाठवतात." मी ते बाईंना सांगितलं नाही. कशाला उगीच घरच्या गोष्टी.

मंगळवार, १२ मार्च

रुग्णाच्या वागण्यात विशेष काही नाही. शिवतो, जेवतो, गप्प बसतो. गल्ल्यात दोनदा कमी भरलं तर ह्याने चौकशीसुद्धा केली नाही, मुकाट्याने स्वतःच्या खिशातून घातलं. ह्यावरूनच ओळखावं.

बायकोने विचारलं, माझा डबा रोज भरलेला का परत येतो. म्हटलं, दादाच्या काळजीने जेवण जात नाही. ती म्हणाली, "मग दादांचा डबा कसा रिकामा येतो?" बायकांना प्रश्न विचारायला कोण शिकवतं देव जाणे.

गुरुवार, १४ मार्च

आज दादाला गटाच्या बैठकीला नेलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत गोल खुर्च्या, मधे बिस्किटं, आणि दहा-बारा माणसं. सगळी इथलीच. बाहेरून आलेले आम्ही दोघेच. एकेकजण उभा राहतो आणि बक्षीस मिळाल्याच्या आवाजात आपली लाज सांगतो. आमच्या भागाचा पोस्टमनसुद्धा होता. तो म्हणाला, आईला पुरून आलो त्याच दुपारी घोड्यांवर पैसे लावले. बाकीचे काय म्हणाले? "धन्यवाद." धन्यवाद! आमच्यात असं काही कोणी बोललं असतं तर मागच्या-पुढच्या पिढ्यांना तोंड लपवायला जागा पुरली नसती. आणि हे लोक वर बिस्किट खातात.

दादाची पाळी आली. तो उठला आणि मला म्हणाला, "सांग ह्यांना, मी स्वतःसाठी आलो नाही. माझ्या घरातल्या एकाला हे लागलंय. त्याला थांबवायचं कसं, तेवढं मला शिकवा."

ह्याला म्हणतात पळवाट. बाईंनी आधीच बजावलं होतं की रुग्ण नाकारतो. एवढ्या लोकांत दादाचं हसं व्हायला नको म्हणून मी जरा दुरुस्त करून सांगितलं, "हा म्हणतो, मी जुगारी आहे आणि मला मदत हवी आहे."

टाळ्या पडल्या. एक निवृत्त शिक्षिका तर दादाला मिठी मारायला धावल्या. दादा टाळ्या ऐकत उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. केलेल्याची जाणीव म्हणून नाही ह्या माणसाला.

निघताना पोस्टमनने मला गाठलं. "तुम्हाला मी हॉलमध्ये पाहिलंय. खिडकीजवळ."

"तुम्हाला आम्ही सगळे सारखेच दिसतो," मी म्हटलं.

बिचारा कानापर्यंत लाल झाला. इथल्या माणसाला गप्प करायला ह्याच्यासारखं हत्यार नाही. पण पठ्ठ्या चिवट निघाला. म्हणाला, "मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा माझ्या बापाने मला हॉलमध्ये नेलं, पहिला डाव स्वतः लावून दिला. मित्रांमध्ये बसलो की आम्ही हरल्याची शेखी मिरवतो. तुम्ही लोक काय करता?"

"आम्ही लपवतो."

"मशिनला दोन्ही चालतं," तो म्हणाला आणि बिस्किट घेऊन गेला. पोस्टमनच्या मानाने बरं बोलतो.

बुधवार, २० मार्च

दुपारच्या सुट्टीत हॉलवर पाहणीला गेलो. आजार कळायचा तर जागा आतून बघायला हवी. नुसतं उभं राहिलं तर लोक संशय घेतात, म्हणून थोडं खेळावं लागलं.

खरं सांगायचं तर जागा वाईट नाही. ऊब असते, कॉफी फुकट, भिंतीवर घड्याळ नाही. बाहेर मी तोंड उघडलं की समोरचा विचारतो, "मूळचे कुठले?" बावीस वर्षं झाली. इथे कर भरतो, इथल्या थंडीला इथल्याच भाषेत शिव्या देतो, तरी मूळचे कुठले. मशीन विचारत नाही. त्याला माझे उच्चार चालतात, कारण उच्चार लागतच नाहीत. तिथे बसलेला प्रत्येकजण, इथला असो की बाहेरचा, सारखाच मूर्ख दिसतो, आणि त्या सारखेपणात मला फार बरं वाटतं. हे बाईंना सांगणार नाही, त्या लगेच लिहून घेतील.

एक वीसला कोण यावं? रुग्ण! दारावरच्या सिक्युरिटीवाल्याच्या पँटची कंबर दादाने दोनदा सैल करून दिली आहे, त्यामुळे तो कार्ड न बघताच ह्याला आत सोडतो. दादा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला, पिशवीतून कोणाची तरी काळी पँट काढली आणि हाताने तुरपाई करायला लागला. मशिनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "दादा, हे बरं नाही. वहिनीला कळलं तर?"

"तुझं झालं की सांग," तो म्हणाला.

त्याच्या दोन पँटा झाल्या तरी माझं झालं नव्हतं. नोंद: बुधवार, दुपारी १.२०, रुग्ण हॉलमध्ये आढळला. वहिनीला सांगितलं नाही. काही झालं तरी भाऊ आहे.

सोमवार, २५ मार्च

आज घरात बैठक. वहिनीने केंद्रातून प्रवेशबंदीचा अर्ज आणला आहे. माणसाने स्वतःच्या हाताने भरायचा, फोटो लावायचा. मग तीन वर्षं शहरातल्या प्रत्येक हॉलच्या दारावर तो फोटो सिक्युरिटीवाल्यासमोर राहतो. आला की परत पाठवतात.

दादाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "माझा फोटो नको. धाकट्याचा लावा."

आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो.

"आजवर माझ्या नावाच्या रांगेत कोण उभं राहिलं?" दादा म्हणाला. "दुकानाच्या परवान्यावर माझ्या वतीने सही कोणाची? दवाखान्यात तारीख घ्यायला कोण जातं? मग हेही त्यानेच करावं. खाली आपलं दुकान आणि वर दारावर थोरल्याचं थोबाड, बरं दिसेल का? ज्या दारातून माझा भाऊ जाऊ शकत नाही त्या दारातून मीही जाणार नाही. हा माझा शब्द."

सव्वीस वर्षांत दादाने एवढं लांब भाषण केलं नव्हतं. वहिनी विचारात पडली. दादाचा शब्द म्हणजे शब्द, हे तिलाही माहीत. आणि आमच्याकडे थोरल्याच्या वतीने धाकट्याने काय केलेलं नाही? काकांचा नवस माझ्या वडिलांनी अनवाणी चालून फेडला होता. काका मागून बैलगाडीत होते.

"ठीक आहे," वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुमची काही हरकत?"

"माझी कसली हरकत," मी म्हटलं. बायको माझ्याकडे बघत होती.

मंगळवार, २ एप्रिल

अर्ज अजून गेलेला नाही. फोटो जमत नाहीये. पहिल्यात डोळे मिटलेले, दुसऱ्यात मी चोर दिसतो, तिसऱ्यात मान वाकडी. बायको म्हणाली, "तुम्हाला काय स्थळं बघायची आहेत?"

दरम्यान पाहणी चालू आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, आणि आज. चारही दिवस रुग्ण हजर. रोज शेजारी बसून तुरपाई. आज तीन स्कर्ट आणि एक गणवेश उरकला. एक मात्र आहे, हा रोज त्या खुर्चीत बसतो पण ह्याला मी डाव लावताना कधी पकडू शकलो नाही. फार बेरकी आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

अर्ज दिला. बायको आणि वहिनी दोघी दोन बाजूंनी चालत होत्या, मधे मी, पोलिसांनी धरून न्यावं तसा. खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं, "स्वतःसाठीच भरताय ना?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? भावासाठी भरतोय म्हटलं असतं तर ह्या लोकांच्या डोक्यात ते शिरलंच नसतं. त्यांच्याकडे ज्याचं दुखणं त्यानेच औषध घ्यायचं असतं.

शिक्का पडला. केवढा त्याग करतोय मी दादासाठी. कोणाला कौतुक नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

रुग्णात लक्षणीय सुधारणा. दादा शिवताना गुणगुणतो. वहिनीशी चक्क विनोद करतो. माझ्यामुळे.

माझं मात्र काही खरं नाही. झोप नाही. सोमवारी एका वकिलाच्या कोटावर इस्त्री ठेवली आणि धूर येईपर्यंत कळलं नाही. काल बायकोवर ओरडलो, कारण तिने विचारलं की चहा घेणार का. दादाचा आजार माझ्या अंगावर उतरला असणार. एवढी वर्षं बरोबर राहिल्यावर होतं असं.

आज दुपारी सहज हॉलवरून चाललो होतो. सिक्युरिटीवाला दारातच उभा. मला बघून त्याने टोपी काढली आणि इतक्या मायेने म्हणाला, "नाही साहेब. तुम्ही नाही." शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मी म्हटलं, "अहो, ते माझ्यासाठी नाहीये, मी भावाच्या वतीने सही केली आहे."

"तुमचा भाऊ आला तर त्यालाही सांगेन," तो म्हणाला. "पण तो खेळायला कधी येत नव्हता. तो तुमच्याजवळ बसायला यायचा."

काहीही बोलतो. कंबर सैल करून दिली की असे शेफारतात.

मंगळवार, १६ एप्रिल

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. बाई म्हणाल्या होत्या मोकळेपणाने लिहा, म्हणून लिहितो.

दादाचं ओळखपत्र काउंटरच्या खणात असतं. ते घेतलं. नदीपलीकडे, शहराच्या हद्दीबाहेर, एक नवा हॉल आहे, तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. दारावरच्या पोराने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाला, "या." माझ्यात आणि दादात अकरा वर्षांचं अंतर आहे. दादाला टक्कल आहे. मला अपमान वाटायला हवा होता, पण त्या क्षणी त्या पोराचे पाय धरावेसे वाटले.

दादाच्या नावाने नवं सदस्यत्व काढावं लागलं. गंमत म्हणजे दादाचं आजवर कुठेच सदस्यत्व नव्हतं. बिनसदस्याला कोणतंही मशीन डाव लावू देत नाही, हे मला माहीत आहे. त्यावर मी जास्त विचार केला नाही. खुर्ची मोकळी झाली होती.

सदस्यत्व काढताना मनात एवढंच आलं, नाहीतरी दादाच्या नावाला डाग लागलेलाच आहे. हे वाक्य वाचायला बरं वाटत नाही. पण खोडणार नाही.

सोमवार, २२ एप्रिल

पोस्टमनने पत्र आणलं. रंगीत पाकीट, वर दादाचं नाव, आत दोन कलिंगडं हसतायत आणि लिहिलंय, 'नव्या सदस्याचं मनःपूर्वक स्वागत! मागच्या आठवड्यात तुम्ही आम्हाला पाच वेळा भेट दिलीत.' पोस्टमनने ते काउंटरवर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सहसा हा माणूस दहा मिनिटं बडबडल्याशिवाय जात नाही, तो गेला. मी ते उचलणार तेवढ्यात वहिनी मागच्या दाराने डबे घेऊन आली. तिने पाकीट फोडलं, सगळं वाचलं आणि शिलाई मशिनवर ठेवलं, दादाच्या हाताखाली.

दादाला इथली भाषा वाचता येत नव्हती, पण स्वतःचं नाव आणि कलिंगडं कळली. त्याने मान वर केली ती माझ्याकडे बघायलाच. मी इस्त्रीची वायर नीट गुंडाळत होतो.

"तुम्ही शब्द दिला होतात," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हो," दादा म्हणाला. "मोडला."

रविवारचं तिकीट काढलं आहे. दादा एकटा. आक्काला कळवून झालं. वहिनी म्हणते, दुकान ती आणि मी बघू.

ठरवलं होतं बोलायचं. तोंड उघडलंही होतं. मग दादा म्हणाला, "धाकट्या, त्या वकिलाच्या कोटाचं अस्तर मी करून ठेवतो, तू फक्त बटणं लाव," आणि मी म्हटलं, "बरं."

गुरुवार, २५ एप्रिल

बाईंचा फोन आला. रुग्ण जाणार तर त्यांना आकडा हवा आहे, किती वेळा गेले. दादा जेवायला घरी गेला होता. मी काउंटरवर वही उघडून मोजायला बसलो.

वहिनीने पकडलं तो एक दिवस. वीस मार्च. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मंगळवार. एकूण सहा वेळा. प्रत्येक नोंदीत तो यायच्या आधी मी तिथे बसलेलो आहे. नोंद चुकली असेल म्हणून पुन्हा मोजलं. मी नसताना दादा हॉलमध्ये गेला, असं एकही पान नाही. त्याने डाव लावला, असंही नाही. आणि नदीपलीकडच्या हॉलमध्ये दादाच्या नावाने पाच वेळा जो गेला, त्याला टक्कल नव्हतं.

मला हे माहीत नव्हतं का? होतं. माहीत असलेली गोष्ट मी दोन महिने स्वतःच्या अक्षरात दुसऱ्याच्या नावावर लिहीत होतो.

वही मिटली, शटर ओढलं, आणि घरी सांगायला निघालो. असं मला वाटत होतं. भानावर आलो तेव्हा मी नदीपलीकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर उभा होतो आणि हातात दादाचं ओळखपत्र होतं.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "येताय का?" मी चढलो नाही, तो शिव्या देत निघून गेला. दुसरी बस आली, तिसरी आली. तासभर मी त्या थांब्यावर दोन्ही हातांनी खांब धरून उभा होतो. एक म्हातारी बाई विचारून गेली की चक्कर येतेय का. म्हटलं, हो.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी दादाच्या खोलीत गेलो. वहिनी बॅग भरत होती. दादा तिला एकेक शर्ट घडी करून देत होता, कारण घडी त्याचीच चांगली पडते. बायको दारात उभी होती, आज तिने सुट्टी घेतली होती.

मी म्हटलं, "वहिनी, दादा कधीच खेळला नाही. मी खेळतो. पहिल्या दिवसापासून मीच. नवं सदस्यत्व मी काढलं, त्याच्या ओळखपत्रावर."

"गप्प बस," दादा म्हणाला.

"दोन वर्षं झाली, वहिनी. रोज दुपारी."

मला वाटलं वहिनी माझा गळा धरेल. ती माझ्याकडे वळलीच नाही. दादाकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही मला सोडून गावी निघाला होतात. ह्याची अब्रू झाकायला. मी इथे एकटी काय करणार, हा विचारसुद्धा आला नाही तुम्हाला?"

"तो लहान आहे," दादा म्हणाला.

"एक्केचाळीस वर्षांचा घोडा आहे!" वहिनी ओरडली. "तुम्ही शेजारी बसून पँटा शिवत राहिलात, म्हणून तो निवांत खेळत राहिला!"

दादा खाली बघायला लागला. मग मला म्हणाला, आणि हे मी जसंच्या तसं लिहून ठेवतो, "मला वाटलं, माझ्यावर पाळी आली की तुला लाज वाटेल. मी गेलो की तू थांबशील. एवढ्यासाठी तर निघालो होतो."

हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्याच्या सगळ्या खटाटोपाला काही अर्थ राहिला असता. पण आता लिहिताना खोटं येत नाही तसं तेव्हा बोलतानाही आलं नाही.

"नाही दादा," मी म्हटलं. "तू विमानात बसला असतास, मी विमानतळावर रडलो असतो, आणि तिथून सरळ नदीपलीकडे गेलो असतो. तू गेलास ह्या दुःखानेच गेलो असतो."

बायको दारातून आत आली, माझ्या खिशात हात घालून दादाचं ओळखपत्र काढलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. म्हणाली, "चला, आज बाईंकडे मी येते. आणि बोलणार तुम्ही. कोणाच्या वतीने नाही." तिचे डोळे भरले होते, पण आवाज लॉन्ड्रीतल्या मुकादमासारखा होता.

दादा बॅगेवरच बसला आणि रडायला लागला. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. कसं समजवायचं ते मला कळेना. आजवर तोच मला समजवत आलाय. म्हणून मी नुसता त्याच्या शेजारी जाऊन टेकलो. बॅगेचं झाकण मोठा आवाज करून आत गेलं आणि आम्ही दोघे भाऊ घडी केलेल्या शर्टांत जाऊन बसलो.

"माझ्या माहेरची बॅग होती ती," वहिनी म्हणाली, आणि फोन घेऊन तिकीट रद्द करायला बाहेर गेली.